बत्तीस डब्यांची एक किल्ली

कानफाटी डब्यावर येऊन बसली तेव्हा सकाळचे सव्वासात झाले होते आणि चौकातल्या निम्म्या लोकांचा चहा हातातच थांबला होता. मी मुजावरशेठच्या हॉटेलाच्या पायरीवर उभी होते. दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले होते. 

कानफाटी म्हणजे माकडीण. डावा कान फाटलेला, पोट सुटलेलं आणि मागं पंचवीस-तीस जणांचं बिऱ्हाड. घाटाच्या माथ्यावरचं हे थंड हवेचं गाव आपल्याच सातबाऱ्यावर आहे अशा थाटात ती वावरायची. आम्ही पायथ्याची माणसं त्या गावाला नुसतं 'वर' म्हणतो. वर जायचंय, वरून आलो, वरचे लोक असे. तर वरच्या हॉटेलांबाहेर जे कचऱ्याचे डबे असत, त्यांची झाकणं कानफाटी दोन बोटांनी उघडायची. मग उष्टी कणसं, बिर्याणीची हाडं, आइस्क्रीमचे कप, सगळी पंगत रस्त्यावर मांडली जायची. त्या वर्षी तिच्या टोळीनं दोन पाहुण्यांना बोचकारलं आणि नगरपालिकेनं नोटीस काढली की हंगाम सुरू व्हायच्या आत प्रत्येक हॉटेलानं बाहेरच्या डब्याला कुलूप बसवलंच पाहिजे. हॉटेलं बत्तीस, डबे बत्तीस.

हॉटेलवाल्यांच्या संघाचे सेक्रेटरी मुजावरशेठ मोठे व्यवहारी गृहस्थ होते. त्यांनी दोघांना निरोप धाडला, माझ्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, आणि माझ्या चुलतभावाला, दिनूदादाला. दोघांनी एकेक डबा करून आणायचा. ते चौकात सात ते बारा ठेवायचे आणि आसपासच्या चार हॉटेलांनी ते रोजच्यासारखे वापरायचे. ज्याचा डबा कानफाटीला दाद देणार नाही त्याला बत्तीस डब्यांचं काम. कुठल्याही इंजिनियरच्या सहीपेक्षा मला त्या माकडिणीचा निकाल पटतो, असं ते सगळ्यांना सांगत सुटले होते.

त्यांच्यासाठी ती गंमत होती, माझ्यासाठी नव्हती. तीस वर्षं वेल्डिंग करून आप्पांचे डोळे अधू झाले होते. समोरचा माणूस त्यांना ओळखू यायचा तो आवाजावरून. गेली दोन वर्षं शेडमधलं सगळं काम मीच करत होते, पण शटर अर्धं खाली ओढून. गिऱ्हाइकं यायची, आप्पांशी बोलायची, बिल आप्पांच्या नावानं व्हायचं. दिनूदादाचा साताऱ्यात मोठा कारखाना होता आणि आमची शेड त्याला शाखा म्हणून हवी होती. तसं तो गोड बोलून वर्षभर मागत होता. आदल्या दिवशी दुपारी जेवता जेवता आप्पांनी मला स्पष्टच सांगितलं होतं, "हे काम मिळालं तर शेड तू चालव. न्हाई मिळालं तर दिनूला दिऊन टाकतो, आन् मग तू पाव्हण्यांम्होरं बसायचं." मी तेवीस वर्षांची होते. पाहुण्यांसमोर बसण्यात मला काही वाईट वाटत नव्हतं. शेड जाण्यात मात्र माझा जीव जात होता.

कानफाटीनं आधी दिनूदादाचा डबा घेतला. जाड पत्रा, वर झाकण आणि झाकणाला मुठीएवढं पितळी कुलूप. तिनं ते ओढलं, चावलं, हलवून पाहिलं आणि नाद सोडला. मग ती माझ्या डब्याकडे वळली. माझ्या डब्याला वर झाकण नव्हतंच, कचरा टाकायला नुसतं तोंड होतं. तोंडाच्या आत पत्र्याचा घसा मी कोपरासारखा वाकवून घेतला होता. कचरा घसरत खाली जाईल, पण हात घातला तर वळणाशी अडकेल. डबा रिकामा करायला खाली दार होतं आणि त्या दाराला कुलूप. कानफाटीनं खांद्यापर्यंत हात आत घातला, चाचपलं, हात बाहेर काढून त्याचा वास घेतला आणि लोकांकडे बघून दात विचकले. चौक खदखदून हसला. मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

मग हॉटेलांची सकाळची कामं सुरू झाली आणि खरी परीक्षा लागली, ती माकडांची नाही, माणसांची.

दिनूदादाच्या डब्यात काही टाकायचं तर आधी कुलूप काढायला हवं. किल्ली गल्ल्यापाशी. मुजावरशेठचे वीस वर्षांचे जुने वेटर म्हादबा अंड्यांच्या टरफलांची बादली घेऊन आले, परत जाऊन किल्ली आणली, कुलूप काढलं, बादली ओतली, कुलूप लावलं, किल्ली ठेवून आले. दुसऱ्या बादलीला पुन्हा तेच केलं. तिसऱ्या बादलीला त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सगळा माल डब्याच्या बुडाशी ओतून दिला. कानफाटीच्या बिऱ्हाडाला आयतं ताट मिळालं. दिनूदादा म्हादबांच्या अंगावर धावून गेला. डबा बंदच आहे ना, मग माझा दोष काय, माणसांनाच शिस्त नाही, असं तो चौकभर ऐकवू लागला. सगळे त्या भांडणाकडे बघायला लागले. मीही बघायला लागले, आणि तिथंच माझा घात झाला.

त्याच्या जरा आधी हौसाबाई हातगाडी घेऊन माझा डबा रिकामा करून गेल्या होत्या. त्या नगरपालिकेच्या झाडूवाल्या, चाळिशीच्या, बोलायला कमी. म्हादबांनी किल्लीनं दार उघडून दिलं, त्यांनी कचरा काढून घेतला, म्हादबांनी दार लावलं आणि किल्ली फिरवली. इथवर सगळं ठीक होतं. पण किल्ली हरवू नये म्हणून त्यांनी ती कुलपातच राहू दिली आणि वर सुतळीनं डब्याच्या कडीला बांधून टाकली. त्यांना तरी कसं हसू? आमच्याकडे घरोघरी कपाटाची किल्ली कपाटालाच लटकत असते. चोराला त्रास नको आणि आपल्यालाही नको.

मी मान वळवली तेव्हा कानफाटीच्या हातात सुतळी होती. तिनं ती ओढली, किल्लीशी आली, किल्ली इकडे पिळली, तिकडे पिळली. कट्ट असा आवाज झाला आणि माझं दार सताड उघडलं. मग काय विचारता. सगळी टोळी एकदम डब्यात शिरली. कणसं उडाली, टरफलं उडाली, एका पिल्लानं तर कप टोपीसारखा डोक्यावर चढवला. लोक पोट धरून हसत होते. दिनूदादा टाळ्या पिटत म्हणाला की बारा वाजायच्या आधीच शैलाच्या डब्याचे बारा वाजले.

आप्पा भिंतीशी उभे होते. हसण्यावरून त्यांना काहीतरी झाल्याचं कळलं, काय झालं ते दिसलं नाही. "शैले, काय झालं गं?"

"डबा उघडला."

"फोडला?"

"नाही. किल्लीनं उघडला. माकडानं."

माझा बांध फुटला. मी पहिल्यापासून त्यांना खटक्याचं कुलूप बसवू म्हणत होते. दार नुसतं ढकललं की खटका बसतो आणि आपोआप कुलूप लागतं. किल्ली लागते ती फक्त उघडताना. ते म्हणाले होते की कुलूप ते, जे किल्लीनं लागतं; ढकलून लागते ती कडी. मी ऐकलं, गप्प बसून त्यांच्या मनासारखं कुलूप बसवलं. आता भर चौकात मी त्यांना म्हणाले, "आप्पा, लावायला किल्ली लागली की किल्ली तिथंच राहणार. माणसं अशीच आहेत. मी सांगत होते तुम्हाला." वडिलांशी असं बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ होती. बोलून झाल्यावर माझे कान तापले.

पण जीभ एकदा सुटली की पाय मागे राहत नाहीत. मी तशीच मुजावरशेठपाशी गेले आणि म्हणाले, बारा वाजायला तीन तास आहेत, मला कुलूप बदलायचंय. दिनूदादा मध्ये पडला, त्याचा डबा उघडला नव्हता, म्हणजे तोच जिंकला, असं त्याचं म्हणणं. मुजावरशेठनी त्याच्या डब्याभोवतीचा उकिरडा बोटानं दाखवला. "हे असलं बत्तीस ठिकाणी मला नकोय. दोघंबी नापास. बारापर्यंत काय करायचं ते करा." दिनूदादा आपल्या डब्यात बदलण्यासारखं काही नाही असं सांगून मिसळ खायला निघून गेला.

माझं कुलूप पिशवीत होतं. आप्पांना न सांगता मी ते बरोबर घेतलं होतं, आणि त्याची पट्टी जुन्या कुलपाच्याच मापाची केली होती, म्हणजे चार भोकं तीच. काम दहा मिनिटांचं होतं, फक्त डबा कुणीतरी घट्ट धरायला हवा होता. मी गुडघ्यावर बसले. तेवढ्यात पलीकडून दोन हात आले आणि त्यांनी डबा छातीशी कवटाळला. आप्पा चाचपडत आले होते.

"पाना कितीचा दिऊ?" त्यांनी विचारलं.

"बाराचा."

पिशवीत हात घालून त्यांनी बोटांनी पाने मोजले आणि बाराचा बरोबर माझ्या हातात ठेवला. मग बोल्ट, मग वायसर. कुलपाबद्दल एक शब्द नाही. शेवटचा बोल्ट आवळून मी दार ढकललं. खटका बसला. आप्पांनी कान दिला आणि म्हणाले, "आणखी एकदा." मी पुन्हा उघडून ढकललं. "आवाज चांगला हाय," एवढंच ते बोलले.

आता प्रश्न आला किल्लीचा. मुजावरशेठनी सवयीनं हात पुढे केला, किल्ली गल्ल्यापाशी राहील म्हणाले. मी किल्ली दिली नाही. मी म्हणाले, ती हौसाबाईंना द्यायची. कचरा टाकणाऱ्याला किल्ली लागतच नाही, लागते ती काढणाऱ्याला, आणि काढणारं माणूस एकच आहे.

 मग एकाच वेळी सगळे मालक बोलू लागले. झाडूवालीच्या हातात किल्ली? एक जण म्हणाला, आज डब्याची मागेल, उद्या गल्ल्याची मागेल. मुजावरशेठही दाढी कुरवाळत राहिले. मी त्यांना विचारलं, "शेठ, तुमच्या डब्याचं झाकण तुम्ही शेवटचं कधी उघडलं होतं?" त्यांनी जरा आठवायचा प्रयत्न केला आणि हसायला लागले. बारापर्यंत चालू द्या, म्हणाले.

गलका ऐकून परत आलेल्या हौसाबाई मात्र किल्ली घेईनात. पदराला हात पुसत नुसत्या बघत राहिल्या. "माझ्या हातात आजवर कुणी किल्ली दिली न्हाई, बाय. हरवली म्हंजी?"

"हरवली तरी डबा बंदच राहील, मावशी."

"आन् असल्या बत्तीस? मला नंबर वाचता येत न्हाई. कुठली कुठं लावू मी?"

याचा विचार मी केलाच नव्हता. घरी मी कागदावर बत्तीस वेगवेगळ्या किल्ल्या आखल्या होत्या, प्रत्येक मालकाला आपापली, आणि त्या हुशारीवर खूश होते. एका क्षणात तो सगळा कागद माझ्या डोक्यातून पुसून गेला. मी म्हणाले, "बत्तीस डब्यांना एकच किल्ली करते. तुमची." त्यांनी ती घेतली, मिश्रीच्या डबीशेजारी कनवटीला खोचली आणि गाडी ढकलत पुढच्या कामाला गेल्या.

दहा वाजले, साडेदहा झाले. चारही हॉटेलांची माणसं येत होती, तोंडातून कचरा टाकून हात झटकत जात होती. कुणाला थांबावं लागत नव्हतं, म्हणून कुणी बाहेर टाकतही नव्हतं. कानफाटीनं आठ-दहा वेळा दार ओढून पाहिलं. मी दर खेपेला आप्पांना सांगत होते, आली, बसली, ओढतेय, गेली. रेडिओवर क्रिकेट सांगतात तशी माझी गत झाली होती.

साडेअकराला हौसाबाई आल्या. कनवटीची किल्ली काढली, दार उघडलं, डबा रिकामा केला, दार ढकललं, खटका बसला. आता किल्ली पुन्हा खोचायला त्यांनी मान खाली घातली. तेवढ्यात वरच्या पडवीच्या पत्र्यावरून कानफाटीनं उडी टाकली, त्यांच्या हातातून किल्ली हिसकली आणि एका ढांगेत हॉटेलाच्या पाटीवर जाऊन बसली.

असा गलका मी जत्रेतही ऐकला नव्हता. किल्ली गेली, किल्ली गेली. कुणी केळं दाखवतंय, कुणी काठी आपटतंय, म्हादबा तर चक्क हात जोडून उभे. दिनूदादा मिसळ खाऊन परत आला होता, त्यानं जागा मिळवून पुढे पाय रोवले. हौसाबाई पांढऱ्या पडल्या होत्या. "मी म्हनलं हुतं, बाय," त्या पुटपुटल्या. आप्पांनी माझं मनगट धरलं. "काय झालं? सांग की." मी सांगितलं की कुलूप लागलेलं आहे आणि किल्ली माकडिणीच्या हातात आहे.

कानफाटीनं किल्ली उलटसुलट करून पाहिली. मग सावकाश पाटीवरून उतरली आणि नेमकी माझ्या डब्यासमोर येऊन बसली.

सकाळचं तिच्या लक्षात होतं. तिनं आधी कुलपाच्या भोकात बोट घातलं. मग दुसरं घातलं. मग किल्ली दारावर आपटायला लागली, टण, टण, टण.  मला वाटलं, आता ती भोकात घालणार. आता सगळं संपणार, शेड संपणार, आणि ते एका माकडिणीच्या हातून संपणार. मी डोळे मिटले नाहीत, मिटताच येत नव्हते. कानफाटीनं किल्ली भोकाशी नेली, आडवी लावली, ती घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. मग रागानं तिनं ती तोंडात घातली आणि कडकन चावली.

किल्ली दोन तास मिश्रीच्या डबीला चिकटून बसली होती. कानफाटीचं तोंड असं वाकडं झालं की मागची पिल्लंसुद्धा दचकली. ती थुंकली, जीभ हातानं पुसली, पुन्हा थुंकली, आणि किल्ली गटारीच्या दिशेनं भिरकावून दिली. मग बिऱ्हाडाला घेऊन ती तरातरा छपरावर गेली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. कुणीतरी शिट्टी मारली. हौसाबाईंनी शांतपणे गटारीच्या कडेची किल्ली उचलली, नळाखाली धुतली आणि पुन्हा कनवटीला लावली. या खेपेला मात्र त्यांनी पदर चांगला दोनदा गुंडाळून घेतला.

नगरपालिकेचा बाराचा भोंगा झाला तेव्हा माझा डबा बंद होता आणि त्याच्याभोवतीची फरशी स्वच्छ होती.

मुजावरशेठनी तिथंच पायरीवर बसून वही उघडली. दिनूदादा लगेच त्यांच्याशेजारी टेकला. त्याला हरल्याचं फारसं वाईट वाटलेलं नव्हतं, उलट त्याला त्यातून वाट सापडली होती. आप्पांकडे वळून तो समजुतीनं म्हणाला की काका, काम मोठं आहे, जबाबदारीचं आहे, ऑर्डर माझ्या कारखान्याच्या नावानं घेऊ, शैला करेल की माझ्या देखरेखीखाली. बोलणं इतकं शहाण्यासारखं होतं की आजूबाजूच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. मुजावरशेठनी पेन वर धरून आप्पांकडे पाहिलं. "मग आप्पा? नाव कुणाचं घालू? तुमचं का दिनकरचं?"

 डबा माझा होता, कुलूप माझं होतं, पण या प्रश्नाचं उत्तर माझं नव्हतं. ते मला हातानं करता येण्यासारखं नव्हतं. आप्पा खाली बसून पाने पुसत होते आणि एकेक करून पिशवीत भरत होते. हातातला पुसून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"मला कशाला इचारता, शेठ?" ते म्हणाले. "शेड तिची हाय. मी डबा धरायला आलोय."

मुजावरशेठनी वही माझ्याकडे फिरवली. मी माझं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. दिनूदादा उठून कपडे झटकत गाडीकडे गेला. चौकातली गर्दी पांगली, हौसाबाईंची गाडी पुढच्या वळणावर दिसेनाशी झाली. आप्पांनी पिशवी खांद्याला लावली, माझ्या आवाजाच्या दिशेनं वळले आणि तोंडावरची सुरकुती न हलवता म्हणाले, "मालकीणबाई, आज सुट्टी करायची का मग?"

मला रडायला येत होतं आणि हसायलाही. मी त्यांचा हात धरला आणि खाली जाणाऱ्या एसटीकडे चालायला लागले.

"सुट्टी कसली, आप्पा," मी म्हणाले. "अजून एकतीस डबे राहिलेत."